इटालियन पिस्तुलाला लालबागची मूठ

६ जुलै, रविवार

आजचा स्कोअर ३०९. चारशेपैकी. सीतारामसरांनी तो सगळ्यांच्या देखत फळ्यावर खडूने लिहिला. नऊचं शेपूट जरा जास्तच लांब काढलं.

कारण उघड आहे. पिस्तूल. क्लबचं तीन नंबरचं पिस्तूल माझ्या वाट्याला येतं. मुठीला इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळलेली. नेम धरायची मागची खाच, म्हणजे साइट, कोणीतरी कधीतरी डिंक की काय लावून चिकटवून टाकलेली, ती हलत नाही. असल्या वस्तूने ३०९ मारणं हे खरं तर कौतुकास्पद. पण फळ्यावर कौतुकाचा रकाना नाही.

डायरी नवी आहे म्हणून रीतसर माहिती: हर्षवर्धन तांबे, वय ४९, लोअर परळ, विमा कंपनीत क्लेम विभाग. अठरा वर्षं लोकांनी दिलेली कारणं वाचतो आणि नामंजूर करतो. त्यामुळे पोकळ कारण मला लांबून कळतं.

मार्चपासून लालबागच्या उत्कर्ष नेमबाजी केंद्रात जातो. व्यायामशाळेच्या माळ्यावर पाच लेन, दहा मीटरवर टार्गेट, छर्ऱ्याची एअर पिस्तुलं. डॉक्टरांनी बीपीसाठी काहीतरी खेळा म्हणून सांगितलं होतं. सगळ्या खेळांचा अभ्यास केला. ज्यात अजिबात हलायचं नाही असा हा एकच निघाला.

डिसेंबरात माहीमला आंतर-क्लब सामना आहे. प्रत्येक क्लबची दोघांची जोडी. आपल्याकडून मयूर नक्की, तो ३६५च्या खाली येतच नाही. दुसरी जागा रिकामी. तीन चाचण्यांची बेरीज करून ठरणार.

ही जागा मला हवी आहे. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: मी आयुष्यात कुठल्याच टीममध्ये नव्हतो. चाळीच्या क्रिकेटमध्ये स्कोअर लिहायचो. कॉलेजच्या कबड्डीत राखीव, ऑफिसच्या कॅरममध्ये राखीव. कॅरममध्ये राखीव खेळाडू लागत नाही, तरी ठेवला होता.

संकल्प: स्वतःचं पिस्तूल घेणे.

१० जुलै, गुरुवार

आमचे प्रशिक्षक सीतारामसर पोलिसातून निवृत्त. हाताखालून शेकडो पिस्तुलं गेली असतील, पण सगळी सरकारी. त्यांना सल्ला विचारला ही माझी चूक. म्हणाले, तांबे, पिस्तूल घेऊ नको. महिनाभर घरी कोऱ्या भिंतीसमोर उभा राहा, रिकामं पिस्तूल धर, घोडा हळू दाब, बस. टार्गेट नको, छर्रा नको.

भिंतीसमोर! शाळेत गृहपाठ केला नाही की मास्तर हेच करायला लावायचे.

व्हिडिओ पाहिले, एकूण चौदा. जगातले झाडून सगळे चॅम्पियन भारी पिस्तूल वापरतात. एकाच्याही मुठीला टेप नव्हती. याउपर पुरावा काय हवा?

बायकोला, वैशालीला समजावलं. तिने विचारलं, आत्ताच्या पिस्तुलात नेमकं काय बिघडलंय. मी दहा मिनिटं सांगितलं. ती म्हणाली, बरं. ती दादरला शाळेत नववीच्या वर्गाला शिकवते, तिथेही ती असंच बरं म्हणत असणार.

१९ जुलै, शनिवार. संध्याकाळी ६.१०

आलं!

इटालियन. काळी पेटी, आत फोम. आमच्या गादीपेक्षा चांगला फोम. अक्रोडाच्या लाकडाची मूठ. एकूण अकरा स्क्रू, प्रत्येकाने काही ना काही फिरतं. पुस्तिका सात भाषांत, त्यात मराठी नाही, पण चित्रं आहेत. साडेनऊशे ग्रॅम वजन. हातात घेतल्याबरोबर मी वेगळा माणूस झालो.

प्रितीने पेटीचे सगळे कप्पे उघडून बघितले आणि विचारलं, पप्पा, नेम कुठल्या कप्प्यात आहे? कॉलेजात पोरं हेच शिकतात.

आंदमानची ठरलेली सहल यंदा रद्द. वैशाली पुन्हा एकदा बरं म्हणाली.

२० जुलै, रविवार

३०१.

नवीन यंत्र. रुळायला वेळ लागतो. नवी गाडीसुद्धा पहिले हजार किलोमीटर हळू चालवतात.

तीन नंबर मी सोडलं म्हणून सुचित्राताई खूश. ह्या परळच्या हॉस्पिटलात नर्स आहेत, ड्युटी संपली की त्याच पांढऱ्या बुटांवर येतात. आधी चार नंबर वापरायच्या, त्यातून हवा गळते. आज टेप सोडून नवी गुंडाळली आणि म्हणाल्या, बरा आसा हां पिस्तूल, तुम्ही उगाच सोडलात. त्यांचा स्कोअर ३४८. बाईंचं नशीब आज जोरावर होतं.

२७ जुलै, रविवार

स्क्रू क्र. ४ अर्धा फेरा डावीकडे. २९८. स्क्रू क्र. ४ परत उजवीकडे, क्र. ७ पाव फेरा. ३०४. प्रगती.

नेमबाजीचे खास बूट मागवले, सपाट तळव्याचे. चष्मासुद्धा. एका डोळ्यापुढे भोक लहानमोठं करायची चकती, दुसऱ्या डोळ्यावर पडदा. तो लावून आरशात पाहिलं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखा दिसतो, पण वर्ल्ड लेव्हलच्या.

३ ऑगस्ट, रविवार. पहिली चाचणी

मी ३०२. सुचित्राताई ३५१.

खाली रस्त्यावर ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस चालू होती. माळा थरथरत होता. सुचित्राताईंची लेनही त्याच माळ्यावर होती हे मान्य, पण त्यांना हॉस्पिटलातल्या गोंगाटाची सवय. मला ऑफिसात शांतता लागते. म्हणजे आमची तुलनाच चुकीची.

मात्र खरं दुखणं आज सापडलं. मूठ! अक्रोडाची मूठ इटालियन हातासाठी केलेली आहे. माझा हात रत्नागिरी जिल्ह्यातला. तळव्यात मध्ये चक्क पोकळी राहते, करंगळी जाईल एवढी.

संकल्प: मूठ माझ्या हाताप्रमाणे करून घेणे.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज स्वतःच्या बुद्धीचं मलाच कौतुक वाटलं. परदेशातले नेमबाज मूठ करून घ्यायला कारागिराकडे जातात. लालबागमध्ये हाताचा सगळ्यात मोठा कारागीर कोण? मूर्तिकार!

क्लबच्या मागच्या गल्लीत कांताचा गणपतीचा कारखाना आहे. ताडपत्रीखाली मूर्तींच्या रांगा, रंगाचा वास, उभं राहायला जागा नाही. मी पेटी उघडली तेव्हा कारागीर ब्रश थांबवून बघत राहिले. कांताला अडचण सांगितली. तो म्हणाला, हाताचा काम ना? वर्षाक सोळाशे हात करतंय मी. चारशे मूर्ती, दर मूर्तीक चार.

सोळाशे हात! त्या इटालियन कंपनीच्या मालकाने जन्मात एवढे हात पाहिले नसतील.

शाडूच्या गोळ्यात माझा पंजा दाबून ठसा घेतला. हात ढिलो सोडा म्हणाला, मी सोडला. पिस्तूल ठेवून घेतलं. चार दिवसांत देतो म्हणाला.

१३ ऑगस्ट, बुधवार

आठ दिवस झाले. कांता म्हणतो, साहेब, आधी बाप्पा, मग तुमचा.

सीतारामसर म्हणाले, तोवर क्लबचं पाच नंबर वापर. नाही म्हटलं. हलक्या वस्तूने हाताला वाईट सवय लागते. मग भिंत बघ, असं म्हणाले. ह्यांची सुई तिथेच अडकली आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. कंटाळा. पाण्याची लिटरची बाटली हातात धरून बेडरूमच्या भिंतीसमोर उभा राहून पाहिलं. एक लिटर म्हणजे एक किलो. पिस्तूल साडेनऊशे ग्रॅम. पन्नास ग्रॅम पाणी पिऊन टाकलं. अचूकता महत्त्वाची.

बाटली पहिल्या मिनिटाला एवढी हलली की मला वाटलं भूकंप आहे. वैशालीला विचारलं. नव्हता.

४ सप्टेंबर, गुरुवार

रोज वीस मिनिटं बाटली. दुसरं करायला काही नाही म्हणून, सरांनी सांगितलं म्हणून नव्हे. प्रिती मोबाइलवर वेळ लावते. आता बाटली बऱ्यापैकी स्थिर राहते. अर्थात बाटलीने काय सिद्ध होतं? काहीच नाही. बाटलीला स्क्रू नाही, साइट नाही, बाटली कोणीही धरेल.

९ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन झालं, कांता मोकळा झाला, पिस्तूल मिळालं.

मूठ बघून डोळ्यांत पाणी आलं. अक्रोडाची अर्धी मूठ करवतीने कापून वर पुट्टीचे थर, घासून गुळगुळीत, वरून हलका गव्हाळ रंग. मनगटापर्यंत येते. हात आत घातला की मागे लोडाला टेकल्यासारखं वाटतं. जरा गुबगुबीत झाली आहे. कांता म्हणाला, आमच्याकडे हात असेच असतत.

ऑफिसात फोटो दाखवले. देसाईने विचारलं, कशाची मूठ आहे ही, खुर्चीची? तो मोटर विभागात आहे.

२८ सप्टेंबर, रविवार. दुसरी चाचणी

मी ३११. सुचित्राताई ३५५.

तरी नऊने वाढलो. मूठ काम करते आहे. आता फक्त तिच्याप्रमाणे उरलेलं पिस्तूल बसवायला हवं. पहिल्या दहा गोळ्यांनंतर स्क्रू क्र. ४, मग क्र. ९, मग परत क्र. ४ फिरवला. सर मागून म्हणाले, तांबे, नेमबाजी करतोयस की रेडिओ लावतोयस? त्यांच्या वेळी रेडिओ असायचे.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रॅक्टिसनंतर खाली चहा. विषय निघाला, हात महत्त्वाचा की हत्यार. मी स्पष्ट बोलणारा माणूस. म्हणालो, हात, हात म्हणणारे ते, ज्यांना हत्यार परवडत नाही. सुचित्राताईंनी चहात बिस्किट बुडवलं, खाल्लं आणि म्हणाल्या, मग मला पण एकदा मारू द्या की तांबेभाऊ तुमच्याने.

दिलं. मन मोठं आहे माझं. माळ्यावर परत जाऊन त्यांनी तीन नंबरने दहा गोळ्या मारल्या: ८९. मग माझ्या इटालियनने दहा: ९०. पेटीत ठेवून म्हणाल्या, बरा आसा, पण मूठ लोळते हो हातात.

मयूर हसला. सर हसले. का हसले कळलं नाही. आकडे बघा ना! ८९ आणि ९०! एका गुणाने इटालियन सरस! शंभरात एक म्हणजे चारशेत चार. कौशल्य तेच, बाई त्याच, फरक फक्त हत्याराचा. माझा मुद्दा त्यांच्याच हाताने सिद्ध झाला.

हा कागद जपून ठेवला आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. तिसरी चाचणी

मी ३१५. सुचित्राताई ३५६.

बेरजेत मी १३४ ने मागे. फळ्यावर सरांनी बेरीज केली तेव्हा मी बूट काढण्यात गुंतलो होतो. लेस नाही त्या बुटांना.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लालबागपासून घरी चालत आलो.

विचार करता लक्षात आलं की दोष इटालियन बनावटीत आहे. दिसायला देखणं, पण नाजूक. ऑलिंपिकवाले बरेच जण आता जर्मनकडे वळलेत. वैशालीला जेवताना सहज बोललो. ती जेवायची थांबली.

संकल्प: जर्मन पिस्तुलाची माहिती काढणे. फक्त माहिती.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.४०

निवड झाली!!!

सुचित्राताईंना १४ डिसेंबरला ड्युटी लागली. त्यांनी सरांना सांगितलं, मला जमणार नाही, तांबेभाऊंना पाठवा. सरांनी माझ्याकडे बघितलं, सुचित्राताईंकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि फळ्यावर लिहिलं: मयूर, तांबे.

गुणवत्ता कधी ना कधी वर येतेच.

फळ्याचा फोटो काढला. वैशालीला, प्रितीला, देसाईला, गावच्या ग्रुपवर, सगळीकडे पाठवला. वैशालीने अंगठा पाठवला. देसाईने विचारलं, राखीव का? त्याला फळ्याचा फोटो परत पाठवला. संध्याकाळी उगाच दोनदा खाली जाऊन आलो. वॉचमनलाही सांगितलं. आज मी फार आनंदात आहे, हे तारखेनिशी नोंदवून ठेवतो.

जर्मन प्रकरण तूर्त बंद. टीममधल्या माणसाने ऐन वेळी पिस्तूल बदलू नये.

६ डिसेंबर, शनिवार

पहाटेपासून दादरला. आमच्या मंडळाचा पाणीवाटपाचा स्टॉल असतो, दरवर्षी मी तिथे उभा असतो. लातूरहून आलेल्या एका आजींना बाटली दिली, त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. आज नेमबाजीचा विचार मनात आणायचा नाही असं ठरवलं होतं. वरच्या वाक्यापुरता आला.

१३ डिसेंबर, शनिवार

सगळी तयारी. बूट, चष्मा, पेटी. अकराही स्क्रू शेवटचे जुळवले. वैशाली आणि प्रिती दोघी येणार आहेत. प्रितीने क्लास बुडवायचं कबूल केलं, म्हणजे कारण मिळाल्याचा आनंद असणार, पण येते आहे.

१४ डिसेंबर, रविवार. माहीम

क्रमाने लिहितो.

सकाळी ९.१५. शाळेचा हॉल. सामन्याआधी पिस्तुलांची तपासणी असते हे मला माहीत होतं. त्यात एक लाकडी पेटी असते आणि आपलं पिस्तूल तिच्यात मावावं लागतं, हे माहीत नव्हतं. पुस्तिकेत असेल, पण चित्र नव्हतं.

९.३०. मावलं नाही. नळी मावली, घोडा मावला, कांताची मूठ मावली नाही. तपासणीस सभ्य माणूस, त्याने तिरकं, आडवं, उलटं, सगळं करून पाहिलं. मग म्हणाला, शिवाय मनगट मोकळं दिसायला हवं, ही मूठ तर मनगटालाही धरून ठेवते. ह्याची मूळची मूठ आणलीय का? मूळची मूठ पुट्टीच्या आत होती. अर्धी.

त्याने सहकाऱ्याला बोलावलं. सहकाऱ्याने आणखी दोघांना. कोणीतरी फोटो काढला. मी सांगितलं की हा सोळाशे हातांचा अनुभव आहे. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

९.४५. वैशाली आणि प्रिती दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. प्रितीने हात केला. मला पळून जावंसं वाटलं. खरंच, दार मोजून पंधरा पावलांवर होतं.

९.५०. सरांनी हिंदमाताच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी उघडली आणि आतून तीन नंबर काढलं. तपासणीत एका सेकंदात पास. म्हणाले, तांबे, जा, मार.

१०.३०. मारलं. काय लिहू? त्या पिस्तुलाला फिरवण्यासारखं काही नाही. साइट चिकटलेली, मुठीला टेप. पहिली गोळी सात. हात सवयीने स्क्रूकडे गेला, स्क्रूच नाही. मग नाइलाजाने दुसरी मारली. मग तिसरी. नळीच्या टोकावरची नेमाची माशी स्वच्छ दिसत होती, हात बाटलीसारखा शांत होता. चाळिसाव्या गोळीनंतर कळलं की चाळीस झाल्या.

३४९.

माझा आजवरचा सर्वोच्च. चौतीस गुणांनी. प्रितीने शिट्टी मारली, तिला हॉलबाहेर काढलं.

मयूर ३६८. आमची बेरीज ७१७. तिसरा नंबर आलेल्यांची ७२१. चार गुणांनी पदक हुकलं. पण ३४९!

१६ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस विचार केला. निष्कर्ष पक्का आहे: तीन नंबरचं पिस्तूल साधं नाही. त्याच्या नळीत काहीतरी आहे. जुनं पोलाद असेल. सुचित्राताईंचे साडेतीनशेचे आकडे आता उलगडले. बाई हुशार, कोणाला बोलल्या नाहीत.

संध्याकाळी सरांना भेटून प्रस्ताव ठेवला: माझं इटालियन क्लबला घ्या, तीन नंबर मला द्या. वर बूटही देतो.

सर एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, अरे, सहा महिने हेच तर पिस्तूल घेऊन तू तीनशे मारायचास. पिस्तूल तेच आहे. त्या दिवशी तू फक्त काही फिरवलं नाहीस. आणि तुझी पोरगी माहीमला सांगत होती ती बाटलीची मेहनत फुकट गेली नाही.

वय झालं सरांचं. सहा महिने नव्हे, चार. मार्च ते जुलै.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी क्लबमध्ये सुचित्राताई भेटल्या. तीन नंबरने ३५८. मी अभिनंदन केलं. त्यांनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, वहिनींना द्या, वड्या छान झाल्या होत्या, डबा परत करायचा राहूनच गेला बघा.

डब्याच्या झाकणावर कोरलं होतं: सौ. वैशाली ह. तांबे. आमच्या लग्नातला.

विचारलं, हा तुमच्याकडे कसा. त्या आधी मयूरकडे बघायला लागल्या, मग जिन्याकडे. क्लेम विभागात अठरा वर्षं काढली आहेत. असं बघणारा माणूस मी ओळखतो. सरळ विचारलं, चौदा तारखेला ड्युटी होती का? म्हणाल्या, नाय हो. सुट्टी होती. घरी बसून चादरी धुतल्या.

वैशाली नोव्हेंबरात त्यांच्या वॉर्डात गेली होती. नारळाच्या वड्या घेऊन.

मी तिथेच बाकावर बसलो. ३६८ आणि ३५६ म्हणजे ७२४. ही बेरीज मला करायची नव्हती, आपोआप झाली. त्यांच्या गळ्यात आज पदक असतं. त्यांना म्हणालो, चुकलं माझं, नकळत का होईना. त्या म्हणाल्या, जाऊ द्या ओ, पुढच्या वर्षी मात्र वड्या खाऊन पण जागा सोडणार नाय. मला लाज वाटली. लिहिताना अजून वाटते आहे.

म्हणजे हात की हत्यार, ह्या वादाचा माझ्यापुरता निकाल लागला. फळ्यावर माझं नाव आलं त्याचा दोन्हींशी संबंध नव्हता.

घरी आलो. वैशाली उत्तरपत्रिका तपासत होती. डबा टेबलावर ठेवला. तिने डब्याकडे पाहिलं, लाल पेन खाली ठेवलं नाही. मी म्हणालो, माझ्यासाठी एवढं केलंस? मी टीममध्ये असावं म्हणून?

ती म्हणाली, तसं काही नाही. तुमची निवड झाली नसती तर तुम्ही ते जर्मन पिस्तूल घेतलं असतं. वड्यांना दोन नारळ लागले.

मी म्हणालो, काहीतरीच काय, मी फक्त माहिती काढत होतो.

तिने पुढचा पेपर घेतला. लॅपटॉप घरात एकच आहे, प्रश्नपत्रिका ती त्याच्यावरच करते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. जर्मन, मध्यम मूठ, एक नग. १६ नोव्हेंबरला, तिसऱ्या चाचणीनंतर, मी ते कार्टमध्ये टाकलं होतं.

अजून काढलेलं नाही.